रायफल मॅगझिनचे परीक्षण

रायफल मॅगझिनचे परीक्षण : वर्षानुवर्षे वापरात असलेले मॅगझिन (रायफलीला काडतुसे पुरवणारी पेटी) पुढे चालवायचे, त्याचे भाग बदलायचे की ते बाद करायचे, हे ठरवण्याची पद्धत. ठाणे-नवी मुंबईत पोलिसांच्या कोतांपासून (शस्त्रागारांपासून) क्रीडा नेमबाजांपर्यंत अनेकांना हे काम करावे लागते, आणि इथल्या दमट हवेमुळे ते जरा जास्त वेळा करावे लागते.

मॅगझिनचे मुख्य भाग चार : केस (बाहेरचे कवच), काडतुसे वर ढकलणारा प्लॅटफॉर्म, स्प्रिंग आणि तळपट्टी. केसच्या वरच्या, आत वळलेल्या कडांना लिप्स म्हणतात. काडतूस किती उंचीवर थांबेल आणि केव्हा सुटेल हे लिप्सवर अवलंबून असते. बहुतेक बिघाड लिप्स किंवा स्प्रिंगमध्येच निघतात. तरी तपासणीचा निम्मा वेळ उडालेला रंग पाहण्यात जातो. रंग उडाल्याने मॅगझिन अडत नाही.

सुरुवात क्रमांक घालण्यापासून करावी. क्रमांक केसवर असावा, कारण साफसफाईत तळपट्ट्यांची अदलाबदल हमखास होते. क्रमांक नसेल तर ‘एक मॅगझिन अडते’ एवढेच कळते, कोणते ते कळत नाही.

लिप्सची तुलना त्याच बनावटीच्या कोऱ्या मॅगझिनशी करावी. दोन लिप्समधले अंतर व्हर्निअरने (बारीक अंतर मोजण्याच्या साधनाने) पुढे आणि मागे, दोन्ही ठिकाणी मोजावे. मग ड्रिल काडतुसांनी (सरावाच्या, दारू नसलेल्या) मॅगझिन पूर्ण भरून तळ तळहातावर आपटावा. वरची काडतुसे उसळून बाहेर आली तर लिप्स फाकल्या आहेत. फाकलेल्या लिप्समुळे काडतूस वेळेआधी सुटते, कधी दोन एकदम सुटतात. ॲल्युमिनियमच्या लिप्स फाकतात, तर प्लॅस्टिकच्या बहुधा मागच्या बुडाशी तडकतात. हा तडा डोक्याच्या केसाएवढा बारीक असतो. लिप अंगठ्याने हलके दाबून बॅटरीचा उजेड तिरका पाडला तरच दिसतो. भारतीय सैन्याच्या इन्सास रायफलीच्या २० काडतुसांच्या अर्धपारदर्शक मॅगझिनला १९९९ च्या कारगिल युद्धात थंडीने तडे गेल्याच्या तक्रारी होत्या. ठाण्यात थंडीचा प्रश्न नाही. इथे भरलेले मॅगझिन फरशीवर लिप्सच्या बाजूने पडणे जास्त घातक. पकडीने सरळ केलेल्या लिप्सवर विसंबू नये. वाकवलेला धातू तिथेच पुन्हा वाकतो.

मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते, हा समज चिवट आहे. चांगली स्प्रिंग पहिल्या काही दाबांत थोडी आखडते आणि मग तशीच राहते. ती थकते वारंवार भरण्या-रिकामे करण्याने, आणि गंजाने. भरून ठेवण्याचा खरा ताण प्लॅस्टिकच्या लिप्सवर येतो, म्हणून काही मॅगझिनांच्या झाकणात वरचे काडतूस किंचित खाली दाबून धरण्याची सोय असते. तळपट्टी काढताना स्प्रिंगवर अंगठा ठेवावा, नाहीतर ती उडते. नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी पाहावी. मात्र निकाल लांबीवर न लावता गोळीबारावर लावावा. गंजाचे खड्डे दिसले तर लांबी न पाहता बदलावी. प्लॅटफॉर्म पुढून व मागून आळीपाळीने दाबावा; तो वाटेत अडकला तर केसला पोचा आहे किंवा आत कचरा आहे.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून मॅगझिन लावावे व हलवून पाहावे. कॅचची (मॅगझिन धरून ठेवणाऱ्या खिटीची) खाच झिजली असेल तर मॅगझिन किंचित खाली बसते आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) काडतुसावरून कोरडाच पुढे जातो. शेवटची परीक्षा रेंजवर, मॅगझिन पूर्ण भरून. लक्ष पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन गोळ्यांवर ठेवावे : सुरुवातीला घर्षण सर्वाधिक असते, शेवटी स्प्रिंगचा जोर सर्वांत कमी. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबणाऱ्या रायफलीत तो थांबेनासा झाला, तर बहुधा ती थकलेल्या स्प्रिंगची पहिली खूण असते. मॅगझिन अडले की तेच दुसऱ्या रायफलीला लावावे. तिथेही अडले तर दोष मॅगझिनचा, नाहीतर रायफलीचा एक्स्ट्रॅक्टर (रिकामे काडतूस ओढून काढणारा आकडा) किंवा बोल्ट पाहावा.

.२२ आणि .३१५ या मापांच्या (इंचात) काडतुसांना बुडाशी बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. हा भरणाऱ्याचा दोष आहे, त्यापायी चांगले मॅगझिन बाद करू नये. .२२ च्या मॅगझिनमध्ये गोळीवरचे मेण व शिसे साचून प्लॅटफॉर्म जड होतो; कोरड्या चिंधीने पुसले तरी पुरते.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, स्टीलची स्प्रिंग महिन्यातून एकदा काढून पाहावी. खाडीलगतच्या वस्तीत कॅनव्हासच्या ओल्या पाऊचमध्ये राहिलेले मॅगझिन आतून गंजते, बाहेरून मात्र ठीक दिसते. स्प्रिंगवर तेलाचा हात फिरवून ते पुसून घ्यावे. जास्त तेलात धूळ बसते आणि ते काडतुसाच्या टोपीत (बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागात) झिरपले तर गोळी उडत नाही.

बाद मॅगझिनवर लाल रंगाचा पट्टा ओढून ते वेगळ्या पेटीत ठेवावे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही शस्त्रेच धरले जातात. म्हणून ते भंगारात टाकता येत नाही. कोतात त्याची नोंद करून ते रीतसर नष्ट केले जाते. खासगी परवानाधारकाने आधी आपल्या पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारावे.