महिला निवारागृह (पुणे)

घरातल्या छळातून जीव वाचवून बाहेर पडलेल्या बाईने लेकरांसह तात्पुरते राहावे अशी जागा. पुण्यात या कामाची मुळे १८६३ पर्यंत जातात. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात विधवांना गुप्तपणे बाळंत होता येई. १८९० मध्ये पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून इथे आले, १८९६ मध्ये महर्षी कर्व्यांचा आश्रम निघाला. हे सारे मुख्यत्वे विधवांसाठी. नवरा हयात असलेलीला ‘जुळवून घे’ एवढेच ऐकावे लागे. पुण्याजवळ वढू बुद्रुकला १९९७ मध्ये सुरू झालेल्या संस्थेचे नाव ‘माहेर’ आहे. सख्ख्या माहेराने दार लावलेल्या किती जणी तिथे पोचत असतील, या विचाराने ते नाव बोचते.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांनुसार आधी अहवाल नोंदवला नाही म्हणून निवारा नाकारता येत नाही, आणि बाईची इच्छा असेल तर ती इथे आहे हे नवऱ्याला कळवायचे नसते.

रात्री रिक्षातून उतरणारीच्या हातात बहुधा एक पिशवी असते : मुलाचे दोन कपडे, जमले तर आधार कार्ड. आधी चहा, मग अंथरूण, नोंदवही सकाळी, ही जाणत्या अधीक्षिकेची पद्धत. वळ ताजे असतील तर मात्र दवाखाना त्याच रात्री. चार दिवसांत ते मिटतात आणि पुरावाही जातो. मोबाइलचे लोकेशन दारातच बंद करतात.

पत्ता फुटतो तो मात्र साध्या कागदांतून. मुलाला शाळेत घालायचे तर जुन्या शाळेचा दाखला हवा असतो. दाखल्यावाचून प्रवेश अडवू नये असे शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण कारकून मागतोच. आणि जुन्या शाळेत गेले की ‘आता कुठल्या शाळेत?’ हा प्रश्न ठरलेला. बाप तिथे आधीच विचारून गेलेला असतो. शिवाजीनगरच्या न्यायालयात तारीख असेल तर सोबत कोणी तरी जाते, आणि परतताना सरळ बस धरत नाहीत.

आत भांडणेही होतात, बहुतेक स्वयंपाकाच्या पाळीवरून आणि मुलांवरून. सरकारी कागदावरची ‘प्रवेशिता’ इथे ताई किंवा मावशी असते.

काही जणी सासरी परततात. वहीत ‘स्वेच्छेने गेली’ एवढेच लिहितात. अधीक्षिका रागावत नाही, कारण रागावली तर ती पुन्हा येणार नाही. जाताना तिच्या मोबाइलमध्ये संस्थेचा नंबर ‘शिलाई क्लास’ अशा एखाद्या नावाने साठवून देतात.