वेल्डिंग मशीनच्या पंख्याचा आवाज

वेल्डिंग मशीनच्या पंख्याचा आवाज : मशीनमधील उष्णता बाहेर फेकणाऱ्या पंख्याचा सततचा घोंघाट आणि तो कमी करण्याचे उपाय. कारखान्यात हा आवाज इतर यंत्रांच्या गोंगाटात बुडून जातो. घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मात्र तो भिंतींवर आपटून परत येतो आणि तासाभरात डोके उठवतो. आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) पेटलेला असताना पंख्याकडे कोणाचे लक्ष नसते. त्रास होतो तो मधल्या वेळात : माप घेताना, कडा घासताना, टॅक (तुकडे जागी धरणारा छोटा टाका) मारण्याआधी तुकडे जुळवताना मशीन नुसते चालू असते आणि पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो. घरच्या कामात हा मधला वेळ आर्कच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे पंखा दुबळा करण्यापेक्षा, गरज नसताना तो आवरणे हाच खरा उपाय ठरतो.

इन्व्हर्टर मशीनमध्ये (इलेक्ट्रॉनिक स्विचिंगवर चालणाऱ्या हलक्या वेल्डिंग मशीनमध्ये) आयजीबीटी म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करणारे स्विच आणि आउटपुटचे डायोड सर्वांत जास्त तापतात. ते ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर (उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या पट्ट्यांच्या ठोकळ्यावर) घट्ट बसवलेले असतात व पंख्याची हवा त्या सिंकच्या पट्ट्यांमधून जाते. मशीनच्या पाटीवर लिहिलेली ड्यूटी सायकल, म्हणजे सलग किती वेळ आर्क चालवता येतो त्याचे प्रमाण, आयईसी 60974-1 या मानकानुसार 10 मिनिटांच्या हिशेबाने आणि 40 अंश सेल्सिअस हवेसाठी दिलेली असते : 200 अँपिअरला 60 टक्के म्हणजे 10 मिनिटांत 6 मिनिटे आर्क, 4 मिनिटे विश्रांती. हा आकडा मूळ पंखा गृहीत धरूनच काढलेला असतो. हवा कमी केली, की पाटीवरचा आकडा खोटा पडतो. थर्मल कटऑफ (फार तापल्यावर दिवा लावून आर्क बंद करणारा स्विच) मशीन वाचवतो हे खरे, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या भागाचे) आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते, आणि ते कोणत्याही दिव्याने कळत नाही.

उपाय करण्याआधी आवाज कुठला ते ओळखावे. बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरला आणि गुरगुर थांबली, तर दोष पंख्याचा नसून पत्र्याचा : एखादा स्क्रू सैल किंवा पत्र्याची कड पत्र्याला घासते आहे. कडेला फोमची पातळ पट्टी चिकटवून स्क्रू आवळले की काम झाले. मशीन थंड असताना चालू केल्यावर आधी घरघर आणि पाच मिनिटांनी शांतता, हे सुकलेल्या स्लीव्ह बेअरिंगचे (गोळ्यांऐवजी तेल लावलेल्या नळीत दांडा फिरवणाऱ्या बेअरिंगचे) लक्षण. वीज काढून पाती बोटाने पुढेमागे हलवून पाहिली, की झिजलेल्या बेअरिंगमधला खेळ हाताला जाणवतो. तेलाचा थेंब टाकून तो काही आठवडे गप्प बसतो. पुढे पंखाच बदलावा लागतो.

हे दोन्ही नसेल तर आवाज हवेचा. पात्यांची संख्या गुणिले दर सेकंदाचे फेरे इतक्या हर्ट्झचा सूर त्यात ठळक असतो. 7 पाती व मिनिटाला 3000 फेरे असतील तर 350 हर्ट्झ. पात्यांच्या अगदी पुढ्यात पत्र्यात कापलेल्या फटींची जाळी असेल, तर प्रत्येक पाते त्या पट्ट्यांवरून जाताना हवा फाटते आणि हाच सूर कर्कश होतो. पंखा जाळीपासून सेंटीमीटरभर मागे घेतला किंवा फटींऐवजी गोल तारेची जाळी बसवली, तरी फरक ऐकू येतो. जाळी काढूनच टाकणे हा मात्र उपाय नव्हे. तिथे बोट किंवा तारेचा तुकडा जाणारच.

साफसफाईला कोणी उपाय म्हणत नाही, पण तो आहे. शेजारी ग्राइंडर चालत असेल तर मशीन उघडल्यावर पात्यांच्या पुढच्या कडेवर लोखंडाच्या भुकटीचा काळा थर सापडतो. तो सगळ्या पात्यांवर सारखा नसतो, म्हणून पंखा डगमगतो. ही भुकटी वीजवाहक असल्याने सर्किट बोर्डावर तर ती अधिकच वाईट. ब्लोअर मारताना पाती हाताने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग जाते.

पंखा बदलताना सर्वांत जास्त फसगत कॉम्प्युटरच्या ‘सायलेंट’ पंख्यांमुळे होते. मापाने दोन्ही 120 मिलिमीटरचे, म्हणून ते चपखल बसतात. पण मशीनमधला पंखा बहुधा 38 मिलिमीटर जाड आणि कॉम्प्युटरचा 25. दाट पट्ट्यांतून हवा ढकलायला दाब लागतो, आणि मंद फिरणाऱ्या पंख्याकडे तोच नसतो. डब्यावर छापलेला हवेचा आकडा समोर अडथळा नसतानाचा असतो. व्होल्टेज, जाडी, दाब आणि हवेची दिशा जुळवूनच पंखा निवडावा. मूळ पंख्याला तिसरी तार असेल, तर मशीन फेऱ्यांवर लक्ष ठेवत असण्याची शक्यता असते. दोन तारांचा पंखा लावल्यास ते चालूच होणार नाही.

वेग कमी करण्याचा फायदा मोठा आहे. पंख्याचा आवाज वेगाच्या सुमारे पाचव्या घाताने बदलतो : वेग निम्मा केला तर 15 डेसिबल कमी, 20 टक्के घटवला तर 5. त्याच वेळी हवा वेगाच्या प्रमाणात आणि दाब वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून कायम मंद पंखा आर्क चालू असताना अंगाशी येतो. डीसी पंखा असलेल्या इन्व्हर्टरसाठी यावर साधी युक्ती आहे. डायोडच्या हीट सिंकवर 45 अंशांच्या आसपास जोडला जाणारा द्विधातू थर्मोस्टॅट (दोन धातूंची चकती तापून वाकल्यावर चालणारा स्विच) बसवून पंख्याच्या तारेत घालायचा आणि त्याला समांतर योग्य वॅटचा रेझिस्टर (वीजप्रवाह कमी करणारा रोधक) लावायचा. सिंक थंड असताना पंखा रेझिस्टरमधून सावकाश फिरतो, तापला की पूर्ण वेगाने. पंखा पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा हे बरे, कारण ट्रान्सफॉर्मर आणि चोक (प्रवाह स्थिर ठेवणारे तारेचे वेटोळे) यांनाही तीच हवा मिळत असते आणि त्यांच्यावर थर्मोस्टॅट नसतो. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर जास्त सुबक वाटतो खरा, पण टिग (टंगस्टनच्या काडीने होणारे वेल्डिंग) मशीनच्या आर्क पेटवणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सी ठिणगीने तो भरकटतो. द्विधातूची चकती त्याला दाद देत नाही.

अनेक इन्व्हर्टरमध्ये हीट सिंकवरच वीज असते, म्हणून थर्मोस्टॅट आणि सिंक यांच्यामध्ये उष्णता जाऊ देणारा पण वीज अडवणारा थर हवाच. शिवाय 230 व्होल्टच्या मशीनमधील मुख्य कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी असतात व प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. मीटरने मोजल्याशिवाय आत हात घालू नये, आणि मीटर वापरता येत नसेल त्याने झाकणच उघडू नये.

बदल केल्यावर तपासणी सोपी आहे. बदलाआधी झाकण लावून, नेहमीच्या करंटवर भंगार पत्र्यावर किती रॉड सलग जळतात आणि थर्मलचा दिवा कधी लागतो ते लिहून ठेवावे; बदलानंतर, मशीन पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर, तेच करावे. दिवा आधीपेक्षा लवकर लागला, तर जुना पंखा परत बसवावा.