पंडिता रमाबाई रानडे नावाची बाई कधी झालीच नाही

दरवर्षी ८ मार्चच्या आसपास एक नाव हमखास फिरायला लागतं: ‘पंडिता रमाबाई रानडे’. कधी शाळेच्या फलकावर, कधी थोर स्त्रियांच्या व्हॉट्सॲप यादीत, कधी स्पर्धापरीक्षेच्या नोट्समध्ये. या नावाची बाई महाराष्ट्रात झालीच नाही. झाल्या त्या दोघी. एकमेकींना ओळखणाऱ्या, काही काळ एकाच पुण्यात वावरलेल्या. आपण त्यांना एका चौकटीत कोंबून मोकळे झालो, आणि वर ‘स्त्रियांच्या कार्याची इतिहासानं दखल घेतली नाही’ म्हणून हळहळतो.

रमाबाई रानडे तुम्हाला ठाऊक आहेत. ‘उंच माझा झोका’ या मालिकेनं त्या घरोघरी पोचवल्या. तेव्हा भरभर: जन्म १८६२, गाव देवराष्ट्रे, माहेरचं आडनाव कुर्लेकर, माहेरचं नाव यमुना. (आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. लग्नात नाव बदलायच्या रीतीनं अभ्यासकांचा किती वेळ खाल्ला असेल त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.) १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, एकतीस वर्षांच्या बिजवर महादेव गोविंद रानड्यांशी लग्न. नवऱ्यानं शिकवलं, घरातल्या बायकांनी बोलून बोलून जीव नकोसा केला. १९०१ मध्ये वैधव्य, १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन, १९२४ मध्ये मृत्यू.

पंडिता रमाबाईंपाशी जरा थांबावं लागेल. जन्म १८५८, वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीबुवांना समाजाचा रोष पत्करावा लागला; त्याच आईनं, लक्ष्मीबाईंनी, मुलीला संस्कृत शिकवलं. घरदार नाही, देशभर तीर्थयात्रा आणि पुराणं सांगून पोट भरणं. दुष्काळात आईवडील गेले. भाऊबहीण चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले, तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ असे दोन किताब दिले. ‘पंडिता’ हा किताब आहे. ते आडनाव नव्हे, आणि कुठल्याही शिकलेल्या रमाबाईच्या पुढे चिकटवायचं विशेषणही नव्हे. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचं लग्न. दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्यानं गेला. १८८२ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या.

किरकोळ गोष्टी इथंच उरकून टाकू. मृत्यू १९२२ चा असेल तर पंडिता, १९२४ चा असेल तर रानडे. कुंकू बघून फोटो ओळखायला जाऊ नका, दोघीही पुढं विधवाच होत्या. पंडिता रमाबाईंचा आश्रम असलेलं केडगाव पुणे जिल्ह्यातलं, दौंडच्या अलीकडचं. अहिल्यानगरला खेटून असलेलं केडगाव वेगळं. माधवराव पेशव्यांच्या रमाबाई थेऊरला सती गेल्या, ती गोष्ट १७७२ ची. रमाबाई आंबेडकरांचा काळ १८९८ ते १९३५. या दोघींची गल्लत सहसा होत नाही.

खरी गफलत पुढं आहे, आणि ती एका पुरुषाच्या नावामुळं होते.

हे वाक्य बघा: ‘रमाबाईंच्या शारदासदनाच्या सल्लागार मंडळात रानडे होते.’ वाक्य शंभर टक्के खरं. वाचणाऱ्याच्या डोक्यात मात्र रमाबाई आणि रानडे ही जोडी आधीच ठाण मांडून असते, त्यामुळं तो ऐकतो ते असं: बायकोनं संस्था काढली, नवरा पाठीशी उभा राहिला. शारदासदन पंडिता रमाबाईंचं. ११ मार्च १८८९ रोजी ते मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला हललं. माधवराव (म्हणजे महादेव गोविंद) रानडे तिथं होते ते दुसऱ्या एका बाईच्या संस्थेचे सल्लागार म्हणून. शिवाय ते शेवटपर्यंत पाठीशीही राहिले नाहीत. १८९३ मध्ये ते आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर दोघेही बाजूला झाले. एका रमाबाईंच्या नवऱ्यानं दुसऱ्या रमाबाईंच्या संस्थेतून अंग काढून घेतलं, ही यातली सगळ्यात महत्त्वाची घटना. दोघींची एक बाई केली की ती घटनाच उरत नाही.

का बाजूला झाले, तेही नीट सांगायला हवं, कारण इथं ‘धर्मांतराचा वाद झाला’ एवढ्या तीन शब्दांत सगळं गुंडाळलं जातं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. शारदासदन काढलं तेव्हा त्या ख्रिस्ती आहेत हे पुण्या-मुंबईतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पैसा अमेरिकेतून येत होता: १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या नावाची एक असोसिएशन निघाली आणि तिनं दहा वर्षांचा खर्च उचलला. बोली एवढीच होती, की सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही. तसं ते दिलंही जात नव्हतं. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. मुलींना तिथं येऊ देऊ नये, असं सल्लागारांचं म्हणणं. मी कुणाला बोलावत नाही, पण आलेलीला हाकलणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका. ‘केसरी’नं हे प्रकरण लावून धरलं, पालकांनी मुली काढून नेल्या. भांडण सक्तीचं नव्हतं, मुभेचं होतं. ‘रमाबाई मुलींना बाटवत होत्या’ आणि ‘रमाबाईंवर खोटा आळ आला’ ही दोन्ही वाक्यं आळशीपणाची आहेत.

आता सेवासदन. इथं आणखी एक गुंता: सेवासदनंही दोन. मुंबईचं १९०८ चं, बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकारानं निघालेलं. त्याच्या अध्यक्ष रमाबाई रानडे. पुण्याचं १९०९ चं, रानड्यांच्या वाड्यात सुरू झालेलं. तेही त्यांचंच, आणि पुढं ते मुंबईपासून स्वतंत्र झालं. शारदासदनाशी या कुठल्याच सदनाचा संबंध नाही. शारदासदन म्हणजे मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांना राहायला जागा, जेवण आणि शाळा. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सेवासदन म्हणजे मोठ्या बायकांचे वर्ग: लिहिणं-वाचणं, शिवण, शिक्षिका होण्याची तयारी, आणि मुख्य म्हणजे परिचारिकेचं शिक्षण. परक्या माणसाचं अंग पुसणं, मलमूत्र काढणं हे ‘चांगल्या घरच्या’ बाईनं करायचं नाही असं समजलं जाई. त्या कामाला प्रतिष्ठा मिळवून देणं हा सेवासदनाचा मोठा पराक्रम, आणि भाषणांत त्याचा उल्लेख सगळ्यात कमी होतो.

मग गल्लत सुरू कुठून झाली? १८८२ पासून. पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, आणि त्याच्या सभांना जाणाऱ्या तरुण बायकांमध्ये रमाबाई रानडे होत्या. त्यावरून घरात काय बोलणी खावी लागली, ते त्यांनी आठवणींत लिहिलंय. म्हणजे आर्य महिला समाजाच्या संदर्भात दोन्ही नावं येणं बरोबरच आहे. चूक होते ती ‘स्थापना’ या शब्दापाशी. स्थापना पंडितांची. रमाबाई रानड्यांची जडणघडण त्या सभांमध्ये झाली. हंटर शिक्षण आयोगापुढं १८८२ मध्ये साक्ष दिली ती पंडितांनी. मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्रियांनाही वैद्यकीय शिक्षण द्यायला हवं, अशा मागण्या त्यांनी केल्या. हुजूरपागेच्या, म्हणजे पुण्यातल्या मुलींच्या शाळेच्या, वेळी गव्हर्नरसमोर इंग्रजीत वाचून दाखवलं ते रमाबाई रानड्यांनी, आणि त्यासाठी घरात पुन्हा शब्दांचा मारा सोसला.

एखाद्या उताऱ्यात नुसतं ‘रमाबाई’ आलं, तर आधी साल बघा. १८८३ ते १८८९ ची सुरुवात या काळात पंडिता रमाबाई आधी इंग्लंडात, मग अमेरिकेत होत्या. त्या वर्षांत पुण्यात घडलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या खात्यावर टाकता येत नाही; हुजूरपागा १८८४ ची, तेव्हा प्रश्न मिटला. १९०१ नंतर पुण्याच्या नगरपालिकेशी, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाशी किंवा मताधिकाराशी संबंध असेल, तर रानडे. दुष्काळ, अनाथ मुली, छापखाना, बायबल असेल तर पंडिता. सगळ्यात धोक्याची वर्षं १८९० ते १८९३: शारदासदन पुण्यात, रानडेही पुण्यात, आणि माधवरावांचं नाव दोन्हीकडे. तिथं ‘सदन’ कुठलं ते पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. आणि त्या वर्षांतल्या माधवरावांना ‘न्यायमूर्ती’ लिहिलेलं दिसलं, तर लेखक तारखा बघत नाही असं खुशाल समजा. ते उच्च न्यायालयावर गेले १८९३ च्या अखेरीला.

दोघींनाही इतिहासानं डावललं हे खरं, पण एकाच तऱ्हेनं नाही. लोक सगळ्यात जास्त घसरतात ते इथं.

पंडिता रमाबाईंना कपाटाबाहेर ठेवलं गेलं. १८९३ नंतर मराठी सुधारकांच्या कथेतून त्या निघून जातात आणि ‘मिशन’ या वेगळ्या खणात पडतात. केडगावच्या मुक्तिसदनात १९०० च्या सुमारास दीड हजारांवर बायका-मुली होत्या, बहुतेक दुष्काळातून आणलेल्या. तिथं शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर रमाबाईंनी मरणाच्या उंबरठ्यावर पुरं केलं, आणि त्याचे खिळे आश्रमातल्या मुलींनी जुळवले. मराठी भाषेच्या, मुद्रणाच्या किंवा स्त्रियांच्या रोजगाराच्या इतिहासात हे कितीदा येतं? चर्चच्या इतिहासात येतं. त्यांच्यासाठी शोधायचं तर खण बदलावा लागतो: बोस्टनच्या असोसिएशनचे अहवाल, मिशनची पत्रकं, इंग्लंडमधला पत्रव्यवहार. ग्रंथालयाच्या यादीत त्या पंडिता, रमाबाई, सरस्वती, डोंगरे, मेधावी यांपैकी कुठल्याही नावाखाली असतील. पाचही बघा.

रमाबाई रानड्यांना कुणी बाहेर काढलं नाही. त्यांना विरघळवलं, साखर दुधात विरघळावी तसं. त्यांचं १९१० चं पुस्तक हातात घ्या: ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’. पहिलाच शब्द ‘आमच्या’. मराठीतलं हे इतकं सुरेख गद्य, पण त्याचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या झाला तो मुख्यतः माधवरावांचा दिनक्रम, त्यांचा स्वभाव, त्यांचं आजारपण जाणून घेण्यासाठी. आणि पुस्तक थांबतं ते १९०१ ला, माधवरावांच्या मृत्यूपाशी. रमाबाईंचं स्वतःचं मोठं काम त्यानंतरच्या तेवीस वर्षांतलं आहे. पुस्तक छापलं तेव्हा सेवासदन सुरू झालेलं होतं, तरी ते त्या कथेबाहेर राहिलं. ‘आठवणी वाचल्या म्हणजे रमाबाई रानडे कळल्या’ हे म्हणणं त्यामुळंच मला अजिबात पटत नाही. त्यातून कळते ती त्यांची तयारी. काम बघायचं तर सेवासदनाचे जुने वार्षिक अहवाल काढा: कुठल्या वर्गाला किती बायका होत्या, किती परिचारिका शिकून बाहेर पडल्या. तिथंही सावध राहा. पत्रव्यवहार आणि अहवाल बरेचदा चिटणिसाच्या सहीनं जातात, आणि गोपाळ कृष्ण देवधरांचं नाव ठळक दिसतं. देवधरांनी काम केलंच, खूप केलं. पण सही करणारा तोच सगळं करणारा असं धरलं, तर माधवरावांमागे गेलेली बाई आता देवधरांमागे जाते.

म्हणून उपायही दोन. ‘विस्मृतीत गेलेल्या स्त्रिया’ असं एकच लेबल दोघींना लावलं, की पंडितांसाठी लोक मराठी सुधारकांची चरित्रं उलथीपालथी करत बसतात, जिथं त्या फारशा नाहीतच. आणि रानड्यांसाठी नवी कागदपत्रं शोधत फिरतात, जेव्हा हाताशी असलेलीच नीट वाचायची बाकी आहेत.

लिहिताना एवढं करा. पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव, आणि लेखात दोघीही असतील तर प्रत्येक उल्लेखाला ‘पंडिता’ किंवा ‘रानडे’. वाक्य जड झालं तरी चालेल. सूचीत दोन नोंदी, दोन्हीपुढं जन्म-मृत्यूची सालं. माधवरावांना तिसऱ्या वाक्याच्या आधी आणू नका. आणि फोटो टाकण्याआधी टपाल तिकिटं पाहून घ्या: १९६२ च्या तिकिटावर रानडे आहेत, १९८९ च्या तिकिटावर पंडिता. टपाल खात्यानंसुद्धा दोन वेगळी काढली आहेत.