एसएसबीचं कॉल लेटर आलंय? भोपाळला निघण्याआधी हे वाचा

सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाचं (एसएसबी) कॉल लेटर आलं की दोन दिवस घरात पेढे वाटले जातात आणि तिसऱ्या दिवसापासून झोप उडते. इंदूरच्या सुदामानगर, राजेंद्रनगरहून आमच्याकडे सरावाला येणारी मुलं-मुली पहिल्याच भेटीत विचारतात, "सर, मुलाखतीत काय विचारतात?" पालक जरा बाजूला घेऊन म्हणतात, "इंग्रजी कच्चं आहे हो, निभेल का?"

काळजीचं कारण आम्हाला कळतं. एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) निवड झाली की राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, औषधपाणी हा सगळा खर्च सरकारचा, पालकांकडे फक्त हातखर्च. नोकरदार घराला ही शिष्यवृत्तीच वाटते. त्यात लेखी परीक्षेला 900 गुण आणि एसएसबीलाही 900. म्हणजे अर्धी बाजी अजून बाकी.

पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आलेल्या तुकडीतून अमुक इतकेच निवडायचे, असं बोर्डावर बंधन नसतं. कधी एकही रेकमेंड होत नाही, कधी बरेच होतात. यूपीएससीची गुणवत्ता यादी नंतर लागते, तेव्हा गुण मोजले जातात हे खरं. पण एसएसबीच्या पाच दिवसांत शेजारच्या चेस्ट नंबरला, म्हणजे शेजारच्या उमेदवाराला, मागे टाकायला तुम्ही गेलेले नसता. हे मनात उतरलं की ग्रुप डिस्कशनमधली आरडाओरड आपोआप कमी होते.

आता मुलाखत. तिचं मूळ पीआयक्यू या वैयक्तिक माहितीच्या फॉर्ममध्ये असतं. शिक्षण, आई-वडिलांचा व्यवसाय, खेळ, छंद, एनसीसी, आधीचे प्रयत्न हे सगळं तुम्हीच तिथे लिहून देता आणि अधिकारी तोच धागा पकडतात. छंद म्हणून 'वाचन' लिहिलंत, तर शेवटचं पुस्तक कोणतं, हा प्रश्न येणारच. नसलेला छंद लिहू नका. बऱ्याचदा आठ-दहा प्रश्न एका दमात विचारतात: नववीपासूनचे टक्के, आवडते शिक्षक, न आवडलेले शिक्षक, मित्र, दिनक्रम. क्रमाने उत्तरं द्या. एखादा प्रश्न निसटला तर "सर, पुढचा प्रश्न पुन्हा सांगाल का?" असं सरळ विचारा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

आपल्या गावाबद्दल हमखास विचारतात आणि इंदूरची मुलं नेमकी तिथेच अडखळतात. महू इथून तासाभरावर. तिथे इन्फंट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, डॉ. आंबेडकरांचं जन्मस्थान आहे. 1817 ची इंग्रज-होळकरांची महिदपूरची लढाई, त्यानंतरचा मंदसौरचा तह आणि 1818 मध्ये महूला बसलेली छावणी, हा धागा होळकरांच्या शहरातल्या मुलाला सांगता यायला हवा. पाठ करून नको. एका रविवारी आजोबांना घेऊन महूला जाऊन या.

मानसशास्त्रीय चाचण्यांत विचार करायला वेळच नसतो: 60 शब्दांवर वाक्यं, प्रत्येकाला 15 सेकंद; 60 प्रसंगांत काय कराल, त्याला 30 मिनिटं. घोकलेली वाक्यं इथे उघडी पडतात. शिवाय मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे आणि मैदानावर गटाच्या चाचण्या घेणारे अधिकारी (जीटीओ) तुम्हाला स्वतंत्रपणे जोखतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. तिघांसमोर तीन सोंगं टिकत नाहीत.

इंग्रजीबद्दल आमचं मत असं: साधी, छोटी, पूर्ण वाक्यं पुरेत. रोज जेवताना एका बातमीवर पाच मिनिटं इंग्रजीत बोला. पालकांनी चुका तिथल्या तिथे दुरुस्त करू नयेत, ऐकून घ्यावं.

आम्ही निवडीची हमी देत नाही. तुमच्या पीआयक्यूवर दोन सराव मुलाखती घेतो, तुमचं बोलणं रेकॉर्ड करून तुम्हालाच ऐकवतो. निघण्याआधीच्या तीन दिवसांत सराव मुलाखत घेत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. ते दिवस झोपेचे आणि सकाळी पळण्याचे.

एनडीएच्या प्रवेशासाठी एसएसबीला पहिल्यांदाच जात असाल तर प्रवासभाडं परत मिळतं, तिकीट जपून ठेवा. मूळ प्रमाणपत्रांची फाइल आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी लावा. पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही. येताना पीआयक्यूचा नमुना पेन्सिलीने भरून आणा, आई-बाबांची मदत न घेता.