मेंदू-संगणक दुवा आणि पक्षाघातातील आभासी पुनर्वसन

पक्षाघाताने लुळा पडलेला हात हलवण्याची कल्पना रुग्णाने केली, की मेंदूतला विद्युत बदल टिपून त्याच क्षणी पडद्यावरचा किंवा व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटमधला हात हलवायचा, अशी ही उपचारपद्धती आहे. स्नायूपर्यंत पोचत नसली तरी हालचालीची आज्ञा मेंदूत तयार होत असते. तिला दरवेळी लगेच उत्तर मिळाले, तर शाबूत उरलेले चेतामार्ग बळकट होतात, हे यामागचे गृहीतक. मेंदूचे संकेत थेट संगणकाला जोडणाऱ्या अशा व्यवस्थेसाठी ‘मेंदू-संगणक दुवा’ ही संज्ञा झाक व्हिदाल यांनी १९७३ मध्ये वापरात आणली.

टिपायचा संकेत म्हणजे म्यू लय. हात स्वस्थ असताना हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावर ८ ते १३ हर्ट्झची ही लय दिसते आणि हालचालीच्या नुसत्या कल्पनेनेही तिचा जोर ओसरतो. उजव्या हातासाठी डोक्याच्या डाव्या बाजूचा सी३ हा बिंदू पाहतात, डाव्या हातासाठी उजवीकडचा सी४. पायांचे क्षेत्र दोन गोलार्धांमधल्या खाचेत दडलेले असल्याने तिथला संकेत वेगळा काढणे अवघड जाते.

संकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोडची टोपी चढवण्यापूर्वी नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर फितीने मोजतात. मध्यावर सीझेड हा बिंदू येतो. इलेक्ट्रोडखाली जेल भरून विद्युत रोध शक्यतो ५ किलोओहमच्या खाली आणतात. मग पडद्यावर बाण दिसला, की रुग्ण चारपाच सेकंद मूठ वळण्याची कल्पना करतो, नंतर विसावा. प्रत्येक प्रकारच्या अशा काही डझन फेऱ्यांवरून संगणक त्या व्यक्तीची लय ओळखायला शिकतो. सूचना नेमकी हवी: स्वतःचा हात हलताना ‘पाहायचा’ नाही, तो हलवतानाचा ताण आतून आठवायचा. नुसते चित्र डोळ्यांपुढे आणणाऱ्यांची म्यू लय फारशी ढळत नाही, आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

बिघडते ते बहुधा साध्या गोष्टींनी. मेंदूचा संकेत काही दहा मायक्रोव्होल्टांपलीकडे क्वचितच जातो. दात आवळले किंवा खांदा उचलला तर स्नायूंचा संकेत त्याला सहज बुडवतो. ग्राउंड इलेक्ट्रोड सैल असेल तर ५० हर्ट्झची विजेची गुणगुण शिरते. हेडसेटचा वरचा पट्टा नेमका सीझेडच्या आसपास दाबतो आणि मान वळली की इलेक्ट्रोड सरकतात; म्हणून हातावर आडवा धरलेला साधा पडदा अनेकदा जास्त भरवशाचा ठरतो. रुग्ण पेंगुळला, डोळे मिटले, की डोक्याच्या मागच्या भागातली अल्फा लय वाढते. तिची वारंवारिता म्यूच्याच पट्ट्यात असल्याने संगणक फसतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे रुग्णाचा हिरमोड होऊ नये म्हणून हात हलण्यासाठी लागणाऱ्या संकेताचा उंबरठा इतका खाली आणणे, की आभासी हात काहीही केले तरी हलेल. मग कल्पना आणि हालचाल यांचा संबंधच तुटतो. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाच मुद्दा तपासला गेला. त्यात जुना पक्षाघात असलेले ३२ रुग्ण होते आणि फिजिओथेरपी सगळ्यांनाच मिळाली. एका गटात हाताला लावलेले यंत्र मेंदूच्या संकेतानुसार हलले, दुसऱ्यात मनमानी. हाताच्या हालचालीत अधिक सुधारणा पहिल्या गटात दिसली.

मज्जारज्जूच्या इजेबाबत ब्राझीलमधील साओ पाउलो येथील प्रकल्प महत्त्वाचा आहे. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमरेखाली जुना पक्षाघात असलेल्या आठ जणांनी वर्षभर आभासी पाय, स्पर्शाचा प्रतिसाद आणि अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा यांवर सराव केला. त्यातील निम्म्यांचे निदान ‘पूर्ण’वरून ‘अपूर्ण’ पक्षाघात असे बदलले. तुलनेसाठी वेगळा गट नसल्याने या फळाचे श्रेय नेमके कोणत्या घटकाला द्यायचे, ते यावरून ठरत नाही.