नसबंदी उलटवताना

नसबंदीनंतर शुक्राणू तयार होणंच थांबतं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. वृषणातला कारखाना चालूच असतो. शुक्रवाहिनी कापल्यामुळे माल बाहेर पडत नाही, एवढंच. शरीर तो आतल्या आत जिरवतं. म्हणून दुसरं लग्न झालं, मूल दगावलं किंवा नुसतं मन बदललं, तर नळी पुन्हा जोडून घेण्याला अर्थ उरतो.

नळी बाहेरून दोन-तीन मिलिमीटर जाड, पण आतली पोकळी जेमतेम 0.3 मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी ती शिवणं म्हणजे अंदाजपंचे काम. 1970च्या दशकात अमेरिकेत शर्मन सिल्बर आणि ऑस्ट्रेलियात अर्ल ओवेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने टाके घालायला सुरुवात केली आणि यशाचं प्रमाण वाढलं.

खरी कसोटी मात्र टाक्यांच्या आधीच लागते. नळीचं वृषणाकडचं टोक उघडलं की द्रवाचा थेंब येतो. शस्त्रक्रिया चालू असतानाच तो काचपट्टीवर घेऊन तपासतात. थेंब पातळ, स्वच्छ असेल किंवा त्यात शुक्राणू दिसले, अगदी शेपट्या तुटलेले का होईनात, तर टोकाला टोक जोडायचं. घट्ट, पिवळट निघाला आणि शुक्राणू अजिबात दिसले नाहीत, तर अडथळा बहुधा आणखी मागे असतो. वर्षानुवर्षं साचलेल्या दाबाने अधिवृषणातली (वृषणाला चिकटलेला हा भाग, इथूनच शुक्राणू शुक्रवाहिनीत येतात) नाजूक नलिका (गुंडाळी सोडवली तर सुमारे सहा मीटर भरेल) कुठेतरी फुटून बुजलेली असते. अशा वेळी शुक्रवाहिनी थेट त्या नलिकेलाच जोडावी लागते, आणि ते फारच किचकट काम. आपल्या सर्जनना ही दुसरी जोडणी येते का, हे टेबलावर जाण्याआधीच विचारावं. विचारायला संकोच कसला?

मधे किती वर्षं गेली, याला महत्त्व आहे ते यामुळेच. 1991 साली अमेरिकेत 1,469 पुरुषांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नसबंदीला तीन वर्षं व्हायच्या आत जोडणी केलेल्यांपैकी 97 टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि 76 टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. पंधरा वर्षं उलटल्यावर हेच आकडे 71 आणि 30.

शुक्राणू परतणं आणि गर्भ राहणं, या दोन आकड्यांतली तफावत जाहिरातींत सहसा दिसत नाही. नळी मोकळी झाली तरी शुक्राणूंविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं आड येऊ शकतात, जोड नंतर व्रणाने पुन्हा आक्रसू शकतो. शिवाय पत्नीचं वय! जोडणीनंतर वीर्यात शुक्राणू दिसायला काही आठवडे, कधी वर्षही लागतं. तिची चाळिशी जवळ आली असेल, तर वृषणातून सुईने शुक्राणू काढून इक्सी (प्रयोगशाळेत एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं) करण्याचा पर्यायही डॉक्टरांशी बोलताना समोर ठेवावा.