अलर्ट वाजला, आता उठणार कोण?

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बांधावर आता खांबाला सौर पॅनल आणि सिमकार्डवर चालणारा कॅमेरा दिसतो. जळगावच्या सराफ बाजारात तो आधीपासून होताच. आता जिनिंगच्या आवारात, डाळमिलच्या गोदामात, नंदुरबारजवळ मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवरही तो पोहोचलाय. पथारीवर काही हालचाल झाली की मालकाचा मोबाइल वाजतो, मग मालक घरी झोपलेला असो की पुण्यात मुलाकडे गेलेला. ही सोय गेल्या दहाएक वर्षांतली आहे. तिच्यामागचा प्रश्न मात्र फार जुना आहे: दिसलं, कळलं, पण धावून जाणार कोण?

खानदेशात या प्रश्नाचं उत्तर पूर्वी जागल्याकडे होतं. बहुतेक गावांत हे काम भिल्ल समाजातल्या माणसाकडे असे. रात्री गस्त घालायची, गावात कोण उतरलंय याची खबर पाटलाला द्यायची आणि चोरी झाली तर माग काढायचा. पेशवाई संपल्यावर, १८१९ मध्ये, इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने नव्या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदारांची ही पद्धत आली आहे. चोराच्या पावलांचा माग शिवेपर्यंत न्यायचा आणि शेजारच्या गावाच्या राखणदाराला दाखवून द्यायचा. तिथून पुढची जबाबदारी त्याची. माग ज्या गावात विरेल, त्या गावाला जाब द्यावा लागे. पाहणं, खबर देणं आणि धावणं ही तिन्ही कामं एकाच साखळीत होती, आणि साखळी कुठे तुटली हे सगळ्यांना कळत होतं.

ही व्यवस्था जातीवर उभी होती, हे विसरून तिचं कौतुक करता येणार नाही. बलुत्याच्या चार पेंढ्या आणि तुकडाभर इनाम जमीन यांच्या बदल्यात पिढ्यान् पिढ्या राबायचं, हा अन्यायच होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते याच कारणाने. पुढे १९५८च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतनं रद्द झाली, आणि ते योग्यच झालं. पण रात्री गावासाठी जागं राहण्याचं काम पगारी, सन्मानाचं करून कुणाकडे नीट सोपवलं गेलं नाही. १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचं पद नव्याने बांधलं, पण एका पाटलाने रात्रभर किती शिवार फिरायचं? शहरात शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा आला आणि बाकी कुलपावर सोडलं गेलं.

कॅमेऱ्याची गोष्ट दुसरीकडे सुरू झाली. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे इथे व्ही-२ रॉकेटचं उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावं म्हणून वॉल्टर ब्रुख या अभियंत्याने बंदिस्त टीव्ही यंत्रणा उभारली. तिथे घरफोडीचा संबंध नव्हता. घराच्या राखणीसाठी कॅमेऱ्याचा विचार केला तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने. तिच्या कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत गुन्हे जास्त आणि पोलीस बोलावले तरी उशिरा येणार. तिने नवऱ्याच्या मदतीने यंत्रणा आखली, १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये पेटंट मिळवलं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार झरोके, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायला माइक, बसल्या जागेवरून दार उघडायची सोय आणि धोका वाटला तर मदतीचा इशारा देणारं बटण. आजच्या व्हिडिओ डोअरबेलमध्ये याहून वेगळं फार थोडं आहे. ब्राउनबाईंना पाहण्याइतकंच मदत बोलावणंही महत्त्वाचं वाटलं होतं. पुढे तीस वर्षं बाजाराने पाहण्यावरच भर दिला.

१९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने नेटवर्कला थेट जोडता येणारा कॅमेरा विकायला काढला. तो सेकंदाला जेमतेम एक छोटं चित्र पाठवायचा. आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं डीव्हीआरचीच, म्हणजे चित्रण साठवून ठेवणाऱ्या डब्याची होती. दुकानात चार कॅमेरे आणि गल्ल्याखाली डीव्हीआर. चोर सराईत असला तर जाताना डीव्हीआरच उचलून नेई. त्यात भारनियमन. इन्व्हर्टर दिवे आणि पंख्यांना, कॅमेरे मात्र थेट लाइनवर, त्यामुळे नेमक्या अंधाराच्या वेळी रेकॉर्डिंग बंद. दुरून पाहायचं तर स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा पत्ता घ्या, राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट (पोर्ट) उघडा, असा खटाटोप. नंतर क्यूआर कोड स्कॅन केला की कॅमेरा मोबाइलवर दिसू लागला, आणि ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झाल्यावर डेटा स्वस्त होऊन ही सोय शिवारापर्यंत गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिराई नावाच्या व्हायरसने मूळ पासवर्ड न बदललेले लाखभर कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर हाताशी धरून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. आजही फिटर कॅमेरा बसवून गेला की पासवर्ड तोच राहतो, हे मनापासून काळजी वाटावं असं आहे. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली, पण पासवर्ड बदलणं मालकाच्याच हातात आहे.

अलर्टचं तंत्र सुरुवातीला फारच भाबडं होतं. चित्रातले ठिपके बदलले की हालचाल झाली, एवढंच त्याला कळे. केळीचं पान हललं, इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमले, भिंगावर कोळ्याने जाळं विणलं, की फोन वाजलाच. आठवडाभरात मालक नोटिफिकेशन बंद करून टाकी आणि खरी चोरी व्हायची ती त्यानंतरच. शरीराची उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर आला, पण तो माणूस आणि परिसर यांच्या तापमानातल्या फरकावर चालतो. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा तो मंदावतो. आता कॅमेऱ्यातलीच चिप माणूस, गाडी आणि जनावर वेगळं ओळखते. खोटे अलर्ट संपले नाहीत, पण बरेच कमी झाले.

दुरून देखरेखीला शिस्त लावली ती एटीएमने. गॅस कटरने मशिन कापायचं आणि हायवेला लागायचं, हा प्रकार धुळ्यासारख्या ठिकाणी जास्त जाचक ठरतो, कारण मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते तिथे एकमेकांना छेदतात. जून २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एटीएमवर ई-सर्व्हेलन्स आणण्याचा विचार करायला सुचवलं. म्हणजे कंपन ओळखणारा सेन्सर, सायरन, स्पीकर आणि दूरच्या शहरात रात्रभर जागी असलेली कंट्रोल रूम. तिथला माणूस आधी स्पीकरवरून दरडावतो, मग जवळच्या पोलीस ठाण्याला फोन लावतो. जागल्याची साखळी इथे पुन्हा जोडली गेली, तीही पगारी माणसांची.

चोर सापडल्यावर फुटेज कोर्टात टिकवणं हा वेगळा भाग. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं, की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर नकलेसोबत प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते द्यावं लागतं. त्यामुळे मोबाइलवर फॉरवर्ड केलेल्या क्लिपवर विसंबून डीव्हीआर पुसला जाऊ देऊ नये.

छोट्या दुकानदाराला किंवा शेतकऱ्याला कंट्रोल रूमचं भाडं परवडत नाही. त्याच्यासाठी राज्याच्या १९५१च्या पोलीस कायद्यात ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे, आणि बहुतेक ॲपमध्ये एक कॅमेरा चार-पाच जणांना शेअर करता येतो. पुण्यातल्या मुलाने स्पीकरवरून अहिराणीत “कोन शे रे तठे?” म्हणून ओरडावं, त्याने भुरटा चोर पळतोही. पण टोळी असेल तर अलर्ट शेजारच्या मळ्यातल्या दोघांना, पोलीस पाटलाला आणि दलातल्या पोरांना त्याच क्षणी जायला हवा, आणि कोणत्या रात्री कुणी निघायचं याची पाळी आधीच ठरलेली हवी. एकट्याने कुणी जायचं नाही आणि निघण्याआधी ११२ला फोन करायचा, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्यावं.